नत्थूजींची सरळ रेघ

नत्थूजी हटवार यांनी मला इंजिनिअर केलं. आणि त्यांच्याच हातच्या कामावर मला रिपोर्ट लिहायचा होता.

एके दिवशी तुटलेल्या शाफ्टचा फोन आला. शाफ्ट म्हणजे मशीनमधला फिरणारा लोखंडी दांडा. हा दांडा आंधळगावच्या एका राईस मिलमधल्या पॉलिशरचा. पॉलिशर म्हणजे तांदळावरचा कोंडा घासून काढून तो पांढरा करणारं मशीन. दांड्याच्या एका टोकाला पुली, पुलीवर पट्टा, पट्टा मोटारला. मोटार फिरली की दांडा फिरतो.

त्याच मशीनचा दांडा दुसऱ्यांदा तुटला होता. पहिला दिवाळीनंतर, ऐन धानाच्या सीझनमध्ये तुटला तेव्हा रिपोर्ट मीच दिला होता. पोलाद मऊ पडतं आहे, जास्त कडक पोलादाचा शाफ्ट बसवा, असं मी लिहिलं. मिलवाल्यांनी तसं केलं. मऊ शाफ्ट वर्षभर चालला होता. कडक शाफ्ट तीन महिन्यांत तुटला.

"दिनेशभाऊ, तुमच्या रिपोर्टले फ्रेम करून लावू का भिताडावर?" मिलमालक सुधाकरसेठ फोनवर म्हणाले.

मी वही-पेन पुढे ओढलं.

"पुली उडाली ना बाप्पा! वरचा लोखंडी गार्ड फोडून भिताडात घुसली. बाई झाडून राहिली होती तिथं. हातभर अंतरानं वाचली. मले तर वाटते हटवाराचं कामच खराब आहे. डोळे गेले आता त्याचे. तुमी तसं लिहून द्या, मी आजूबाजूच्या सगळ्या मिलवाल्याइले सांगतो का याच्याकडून शाफ्ट घेऊ नका म्हणून."

मी नागपुरात एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो. आमच्या विभागाचं काम फेल्युअर ॲनालिसिस. तुटलेली, झिजलेली, फुटलेली वस्तू आमच्याकडे येते आणि ती का तुटली ते आम्ही शोधून लिहून देतो. माणसाचं पोस्टमॉर्टेम असतं तसं लोखंडाचं. आमच्या रिपोर्टवर पुढे बरंच काही ठरतं. या रिपोर्टवर नत्थूजींचं वर्कशॉप चालणार की बंद पडणार ते ठरणार होतं.

"सेठजी, दोन्ही तुकडे तसेच ठेवा," मी म्हणालो. "धुवायचे नाहीत, पुसायचे नाहीत. आणि तुटलेली तोंडं एकमेकांना लावून बघायची नाहीत. मी उद्या येतो."

हे सांगायला एक कारण होतं. पहिल्या वेळी तुकडे नत्थूजींनी स्वतः लॅबमध्ये आणून दिले होते, आणि ते चकाचक होते. त्यांनी डिझेलनं धुऊन, एमरी पेपरनं घासून, वरून तेल लावून आणले होते. मी कपाळाला हात लावला. तुटलेल्या तोंडावर बारीक खुणा असतात, त्यावरून आम्हाला तुटण्याची गोष्ट वाचता येते. त्या सगळ्या घासून गेल्या होत्या.

"काका, हे काय केलं?"

"काहून? पाहुण्याच्या घरी जाताना आंघोळ करून जा लागते का नाई? तुह्या सायबासमोर मळका तुकडा ठेवू काय?"

मी हसलो आणि विषय सोडून दिला. तिथेच माझं पहिलं चुकलं.

नत्थूजींचं वर्कशॉप आंधळगावात आहे. लोखंड फिरवून कातायचा एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचं मशीन आणि बाहेर कडुनिंबाखाली एक बाक. तरुणपणी ते भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या कारखान्यात होते. तिथे त्यांच्याकडे भांड्यांवर नाव टाकायचं काम होतं. आमच्याकडे लग्नाचं भांडं नावाशिवाय जात नाही. छोट्या छिन्नीनं आणि हातोडीनं ते घागरीवर, परातीवर, पाण्याच्या गुंडावर नाव उठवायचे. त्यांची खासियत होती अक्षरांवरची रेघ. आधी ती एका सरळ ओळीत मारायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवायचं. "वरची रेघ सरळ असली का नाव निम्मं वाचून होते," असं ते म्हणतात. पुढे पितळेचं काम कमी झालं, ते लेथ शिकले आणि गावी आले. पण छिन्नी हातातून गेली नाही. जो पार्ट बनवायचे त्यावर मालकाचं नाव टाकायचेच. दहा मिलचे पार्ट दुरुस्तीला येतात, अदलाबदल होऊ नये म्हणून.

माझं गाव करडी. आमची धानाची शेती. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मामाचं घर आंधळगावात असल्यामुळे सुट्टीत मी नत्थूजींच्या बाकावर असायचो. इंजिनिअरिंगला नागपूरला नंबर लागला तेव्हा त्यांनी मला जेवणाचा डबा करून दिला होता, स्टीलचा, वर माझं नाव घातलेला. तो डबा अजून माझ्याकडे आहे.

पहिल्याच वर्षी मी चार विषयांत नापास झालो. गावी आलो, बाबांना काही सांगितलं नाही, सरळ नत्थूजींकडे गेलो आणि म्हणालो, "काका, मले कामावर ठेवा. ते शिकनं माह्यानं होत नाई."

त्यांनी लेथ बंद केला. कोपऱ्यातली एक लाकडी पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात बिघडलेले पार्ट होते. कमी मापाचा झालेला बुश, वाकडं भोक पडलेली फ्लँज, चुकीचा आटा पडलेला बोल्ट. प्रत्येकावर खडूनं काहीतरी लिहिलेलं. 'माप घाईत घेतलं.' 'टूल बोथट होतं.' 'गिऱ्हाईक बोलत होतं, लक्ष नव्हतं.'

"हे सारे माह्ये नापास झालेले पोट्टे," ते म्हणाले. "एकबी फेकला नाई. तुह्ये पेपर कुठी आहेत?"

"कायले पायजे पेपर?"

"पाहू ना, काहून बिघडले ते. न पाहता भंगारात टाकतं काय स्वतःले?"

मी दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका घेऊन गेलो. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. एकेक प्रश्न मला मराठीत सांगायला लावला आणि मग विचारलं, "आता सांग याचं उत्तर." मी सांगत गेलो. तेरापैकी अकरा प्रश्नांची उत्तरं मला येत होती. ते म्हणाले, "तुले मशीन येते. तुले प्रश्नच समजला नाई. मंग नापास तू नाई झाला, तुह्यी इंग्रजी झाली. तेवढाच पार्ट दुरुस्त कर. पूरं मशीन कायले खोलतं?"

मी परत गेलो. इंग्रजी दुरुस्त केली. चारही विषय सुटले. आज लोक माझ्या नावापुढे इंजिनिअर लावतात, ते त्या पेटीमुळे.

तर अशा माणसाच्या कामात खोट आहे असं लिहून द्या, असं सुधाकरसेठ मला सांगत होते. मला त्यांचा राग आला होता. मनात मी ठरवूनच टाकलं होतं की चूक पोलाद पुरवणाऱ्याची असणार. आज हे लिहिताना कळतं की आमच्या धंद्यात याहून वाईट सुरुवात नसते.

दुसऱ्या दिवशी मिलवर गेलो. भिंतीत पुलीनं पाडलेला खड्डा होता, मुठीएवढा. त्याच्या शेजारी एक झाडू तसाच पडलेला होता. तिथे काम करणाऱ्या, त्या दिवशी थोडक्यात वाचलेल्या रेखाबाई दोन पोती घेऊन आल्या.

"हे घ्या साहेब. दोन तुकडे दोन पोत्यात ठेवले, एक इकडच्या खोलीत, एक तिकडच्या. भांडलेल्या भावावानी. सेठ म्हने साहेबानं सांगितलं, तोंडाले तोंड लावू नका."

"छान केलं," मी म्हणालो.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. "साहेब, एक विचारू? मांगच्या बारीलेबी तुमीच लिहून देल्लं होतं ना, आता तुटत नाई म्हनून?"

"हो."

"मंग आता काय लिहान?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. त्यांना उद्या पुन्हा त्याच मशीनखालचा कोंडा झाडायचा होता. मी पोती लॅबच्या गाडीत ठेवली.

आमच्या मॅनेजर मॅडमना मी आधीच सांगून टाकलं. "मॅडम, शाफ्ट बनवणारे माझ्या जवळचे आहेत. वडिलांसारखे."

"मग दुसऱ्याला देऊ का?"

"पहिला रिपोर्ट माझा चुकला आहे. मला बघायचंय का चुकला."

त्यांनी थोडा विचार केला. "तू कर. पण प्रत्येक फोटो मी स्वतः बघेन आणि सही मी करेन. आणि एक लक्षात ठेव, तुला माणसाला सोडवायचं नाहीये. तुकडा काय म्हणतो तेवढंच ऐकायचंय."

या वेळी तुकडे मळके होते, त्यामुळे बोलत होते. तुटलेल्या तोंडावर तिरपा प्रकाश टाकला आणि भिंगातून बघितलं. त्यावर एकात एक अशा वाकड्या रेषा होत्या. उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे लहान तळं, आटत जाते तेव्हा काठावर पाण्याच्या रेषा राहतात ना, आज पाणी इथवर, आठ दिवसांनी तिथवर, तशाच. फटीगच्या तुटण्यात या रेषा दिसतात. फटीग म्हणजे धातूचा थकवा. भारा बांधायची तार आपण हातानं तोडतो तेव्हा ताकद लावत नाही, पुन्हा पुन्हा वाकवतो. दांडाही प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकत असतो. आधी केसाएवढी भेग पडते, ती रोज थोडी पुढे सरकते, आणि उरलेलं लोखंड कमी पडलं की एका झटक्यात तुटतं.

म्हणजे पोलाद मऊ की कडक हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता की भेग सुरू कुठून झाली.

त्या रेषांच्या मागे मागे गेलो. बोडी आटताना मध्याकडे आटते, इथे उलट चालायचं होतं, आतून काठाकडे. काठाला पोचलो. साधारणपणे भेग एका ठिपक्यातून सुरू होते. इथे ठिपका नव्हता. भेग एका पूर्ण सरळ ओळीतून सुरू झाली होती, पट्टीनं आखल्यासारखी.

मी तुकडा फिरवून बाहेरची बाजू बघितली. तिथे 'सुधाकर' लिहिलेलं होतं, नत्थूजींच्या हातचं. सुंदर अक्षर. पण काहीतरी विचित्र दिसत होतं, म्हणून पुन्हा बघितलं. अक्षरं होती, त्यांच्यावरची रेघ नव्हती. दुसरा तुकडा काढला. त्यावरही नव्हती. शाफ्ट बरोबर त्या रेघेतूनच तुटला होता.

पोलादात छिन्नीनं मारलेली रेघ म्हणजे एक बारीक खाच. कापड फाडायच्या आधी कात्रीनं छोटा काप देतो, तसा तो काप. त्यातही ती दांड्याला आडवी, आणि पुली आणि दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या मधल्या चार बोटं जागेत, जिथे दांडा सगळ्यात जास्त वाकतो. रेघ तुटक असती, वाकडी असती, तर कदाचित इतकं झालं नसतं. ती सलग आणि सरळ होती. नत्थूजींची रेघ होती ती.

मी कपाटातून पहिला रिपोर्ट काढला. पहिल्याच पानावर शाफ्टचा फोटो होता. खाली मी लिहिलं होतं, 'ओळखीची खूण: मालकाचे नाव कोरलेले.' फोटोतल्या अक्षरांवरही रेघ नव्हती. तुटण्याचं कारण मी ओळखीची खूण म्हणून छापलं होतं आणि पुढची नऊ पानं दुसरीकडे शोधत बसलो होतो. खुणा घासून गेल्या होत्या हे खरं, पण नाव तर समोर होतं. लहानपणापासून मी नत्थूजींनी टाकलेली नावं बघत आलो. माझ्या जेवणाच्या डब्यावरही तेच. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते दोष म्हणून दिसतच नाही.

आणि मी त्यात भर घातली होती. कडक पोलाद ताकदीचं असतं, पण खाच पडली की ते मऊ पोलादापेक्षा लवकर दगा देतं. मी कडक पोलाद सुचवलं. म्हणून दुसरा शाफ्ट वर्षाऐवजी तीन महिन्यांत गेला. रेखाबाईंच्या हातभर अंतरावर.

रिपोर्ट लिहायला बसलो. आमच्या रिपोर्टची भाषा इंग्रजी. मी लिहिलं की पृष्ठभागावरील आडव्या खुणेमुळे ताणाचं केंद्रीकरण होऊन फटीग झाला. शब्दन् शब्द खरा होता. ना नत्थूजींचं नाव, ना माझं. मॅडमकडे घेऊन गेलो.

त्यांनी फोटो बघितले, दोन वेळा. म्हणाल्या, "काम चांगलं केलंस. हे वाक्य नत्थूजींना कळेल?"

"नाही."

"मिलमालकाला?"

"नाही."

"मग उद्या ते अजून एका शाफ्टवर नाव टाकतील."

चार विषयांत नापास झालेला मुलगा मला आठवला, ज्याला उत्तर येत होतं पण प्रश्न कळला नव्हता. त्याला प्रश्न मराठीत कोणी करून दिला होता तेही आठवलं.

"मॅडम, मी जाऊन सांगतो. सगळ्यांना एकत्र."

"तुझ्या पहिल्या रिपोर्टबद्दलही?"

"हो."

रिपोर्ट मी साध्या शब्दांत, माझ्या नावासकट पुन्हा लिहिला. मिलच्या आवारात प्लास्टिकच्या टेबलावर मी दोन तुकडे मांडले. सुधाकरसेठ खुर्चीत. रेखाबाई दाराला टेकून. नत्थूजी स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते, जणू कोर्टात आले आहेत. सेठ त्यांच्याकडे बघत नव्हते.

मी भिंग नत्थूजींच्या हातात दिलं. "काका, तुम्हीच बघा. बोडीच्या काठावर असतात तशा या रेषा कुठून येतात?"

त्यांनी रेषांवरून भिंग काठापर्यंत नेलं. मग तुकडा फिरवला. अंगठा नावावरून फिरवला, एकदा, दोनदा. अंगठा अक्षरांच्या वर गेला आणि तिथे थांबला, कारण पुढे लोखंड नव्हतं.

"रेघ माह्यीच आहे," ते म्हणाले.

त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला.

"सरळ आहे ना?"

"एकदम सरळ आहे काका."

"म्हनूनच तुटला." ते प्रश्न विचारत नव्हते. चाळीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं होतं. "आन् दुसऱ्याचं लोखंड कडक होतं. दोन छिन्न्या बोथट झाल्या. मंग मी अजून जोर लावला. खोल गेली असन."

सेठ पुढे सरकले. "म्हंजे मी म्हनत होतो तेच ना! हटवाराचीच—"

"थांबा सेठजी," मी म्हणालो. "कडक लोखंड मी सांगितलं होतं. कारण पहिल्या फोटोत होतं, मला दिसलं नाही. दुसरा शाफ्ट तुटला त्यात माझा वाटा यांच्यापेक्षा जास्त आहे. तसं रिपोर्टात लिहिलंय, माझ्या नावासकट. आता एक सांगा, आधी यांनी नाव कुठे टाकलं होतं?"

"टोकाले," नत्थूजी म्हणाले. "दांड्याच्या तोंडावर. वीस वर्सं टोकालेच टाकलं."

दांड्याच्या अगदी टोकाच्या गोल तोंडावर काही लिहिलं तर बिघडत नाही. तिथे ताण जवळजवळ नसतोच.

"मग या वेळी मधे का?"

नत्थूजींनी सेठकडे बघितलं. सेठनी घसा साफ केला. "नवीन मशीन घेतली ना... टोक पुलीच्या आत जाते. नाव दिसत नव्हतं. मी म्हटलं, दिसन असं टाका."

"आणि पट्टा?"

"घसरून राहिला होता. थोडा ताणला."

"थोडा?"

"बरा ताणला."

दाराकडून रेखाबाई म्हणाल्या, "म्हंजे तिघंबी." मग त्या झाडू उचलून आत गेल्या. सेठना आधी राग आला, मग हसू आलं. मला हायसं वाटलं. नत्थूजी हसले नाहीत.

"सेठ," ते म्हणाले, "या नवीन मशीनचे शाफ्ट मी अजून सात मिलमंदी देल्ले. साऱ्याइवर मधातच नाव टाकलं. मले जा लागन."

"कुठी?"

"सातही ठिकानी. सांगा लागन ना का माह्यी चूक झाली, मशीन बंद करा म्हनून."

"अरे पन हटवारजी, तुमी स्वतः सांगान तर तुमाले काम कोन देइन?"

"नाई देल्लं तर नाई देल्लं. पुली कोनाच्या डोक्शात बसली तर काय करू?"

ज्या बदनामीची धमकी सेठ फोनवर मला देत होते, ती स्वतः जाऊन करायला हा माणूस तयार झाला होता. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या डिग्रीच्या दिवशी माझा वाटला नव्हता.

मी दोन दिवस रजा घेतली आणि माझ्या मोटरसायकलवर त्यांना मागे बसवून निघालो. बरोबर डाय पेनिट्रंटचे डबे घेतले. सोपी गोष्ट आहे. लोखंडावर लाल पातळ रंग मारायचा, थोड्या वेळानं पुसायचा, वरून पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन वर येतो. नसेल तर सगळं पांढरं राहतं.

प्रत्येक मिलमध्ये नत्थूजी तेच बोलायचे. "मी हटवार. तुमच्या शाफ्टवर मी नाव टाकलं, ते चुकीच्या जागी टाकलं. हा पोट्टा इंजिनिअर आहे, याले पाहू द्या." एका ठिकाणी मालक चिडले. एका ठिकाणी चहा मिळाला. सहा मिलमध्ये पावडर पांढरी राहिली. तिथे आम्ही खूण घासून गुळगुळीत केली आणि नवीन शाफ्ट मिळेपर्यंत पट्टा सैल ठेवायला सांगितलं.

सातव्या मिलमध्ये पावडर फवारली आणि नावाच्या वर हळूहळू एक लाल रेघ उमटली. बारीक, सलग, सरळ. त्या मशीनसमोर दोन माणसं पोती भरत होती. मशीन तपासणीसाठी थांबवलेलंच होतं; मालकानं स्वतः जाऊन मेन स्विचही बंद केला. नत्थूजी खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"किती दिवस चालला असता?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. महिना. आठवडा."

त्यांनी मान हलवली. परतताना मोटरसायकलवर एकदाच बोलले. "पोट्ट्या, बरं झालं तू शिकला."

त्या सातही मिल आजही शाफ्ट नत्थूजींकडूनच घेतात. सुधाकरसेठही. चूक सांगायला स्वतः दारात येणारा टर्नर दुसरा कुठे मिळणार, असं ते आता इतरांना सांगतात. नाव टाकणं बंद झालं नाही. नत्थूजी पितळी पत्र्याचा बिल्ला करतात, त्यावर नाव घालतात आणि तो मशीनच्या बाहेरच्या गार्डवर बसवतात. गार्ड फिरत नाही, वाकत नाही. रेखाबाईंच्या मशीनचा शाफ्ट मऊ पोलादाचा, बिननावाचा आहे आणि दुसरा सीझन चालू आहे. त्या अधूनमधून फोन करून फक्त एवढंच सांगतात, "चालू आहे साहेब."

आमच्या लॅबमध्ये आता नवीन इंजिनिअर आला की मॅडम त्याला आधी माझे दोन रिपोर्ट वाचायला देतात. आधी चुकलेला, मग बरोबर. गेल्या महिन्यात त्यांनी मला नव्या मुलांसमोर त्यावर बोलायला उभं केलं. बोलून झाल्यावर घरी येऊन मी नत्थूजींना पत्र लिहिलं. लेथच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मराठी वाचायला त्यांना आवडतं. ते पत्र असं.

*आदरणीय नत्थूकाका,*

*सा. नमस्कार.*

*आज मी आमच्या ऑफिसात वीस मुलांना तुमच्या पेटीबद्दल सांगितलं. एका मुलीनं विचारलं, सर, तुम्हाला फेल्युअर ॲनालिसिस कुठल्या प्रोफेसरांनी शिकवलं? मी सांगितलं, आंधळगावच्या. तिनं वहीत लिहून घेतलं.*

*काका, पहिल्या वेळी तुम्ही तुकडे धुऊन आणले म्हणून मी चुकलो असं मी बरेच दिवस मनात म्हणत होतो. ते खरं नाही. मनातून मी तुम्हाला आधीच सोडवून टाकलं होतं, म्हणून मला तुमचं अक्षर दिसलं आणि रेघ दिसली नाही. तुम्ही माझे पेपर बघितलेत तेव्हा तुम्ही मला सोडवलं नव्हतं. कुठे बिघडलं ते दाखवलं होतं. तुमच्या शाफ्टसाठी मी तेवढं करायला एक शाफ्ट उशीर केला.*

*सातव्या मिलमधल्या त्या दोन माणसांना त्या दिवशी काय घडलं ते माहीत नाही. मशीन बंद ठेवलं एवढंच त्यांना ठाऊक. आपल्या कामात यश आलं की असंच दिसतं, काही होत नाही. मला मात्र ती लाल रेघ आणि मांडीवर टोपी घेऊन बसलेले तुम्ही, दोन्ही आठवतात.*

*सुधाकरसेठच्या शाफ्टचा तुकडा तुम्ही पेटीत ठेवलात आणि त्यावर खडूनं 'जागा चुकली' असं लिहिलंत, हे मामांनी सांगितलं. या पत्रासोबत माझा पहिला रिपोर्ट पाठवतो आहे. दहा पानं आहेत, फार जागा घेणार नाही. त्याच तुकड्याशेजारी ठेवा. वर काय लिहायचं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण खाली माझं नाव तुमच्या हातानं टाका.*

*वरची रेघ सरळ मारा काका. कागदाला तिचा काही धोका नाही.*

*तुमचा,*
*दिनेश*